झुद व मंगोलियातील पशुपालक

झुद : मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात हिवाळ्यात व वसंताच्या प्रारंभी चारा-पाणी दुर्लभ होऊन पाळीव जनावरे फार मोठ्या संख्येने मरतात. या आपत्तीस मंगोल भाषेत ‘झुद’ अशी संज्ञा आहे. झुद म्हणजे केवळ कडक थंडी नव्हे. हिवाळा कितीही कडक असला, तरी जनावरांना पोटभर चारा व निवारा मिळत असेल, तर मंगोल पशुपालक त्यास झुद म्हणत नाही. हवामान, कुरणांची स्थिती, कळपांचा आकार आणि समाजाची तयारी या सर्वांच्या मिलाफातून ही आपत्ती उद्‌भवते. त्यामुळे झुदचा इतिहास हा जसा हवामानाचा, तसाच समाजव्यवस्थेचाही इतिहास आहे. हिवाळ्याचा धोका कोणी व किती उचलावयाचा, कुटुंबाने, शेजाऱ्यांनी, सरंजामदाराने, शासनाने की विमा कंपनीने, या प्रश्नाची भिन्न काळांतील भिन्न उत्तरे त्यात दिसून येतात.

मंगोलिया हा समुद्रापासून दूर असलेला, सरासरी सु. १,५८० मी. उंचीचा देश असून त्याचे क्षेत्रफळ सु. १५,६४,००० चौ. किमी. आहे. हिवाळा दीर्घ व कोरडा असतो आणि तपमान कित्येकदा −४०° से. पर्यंत उतरते. पाऊस अल्प असून तो मुख्यत्वे जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत पडतो. गवत वाढण्यास तेवढाच अवधी मिळतो. शेतीयोग्य भूमी थोडी असल्यामुळे या प्रदेशात प्राचीन काळापासून फिरते पशुपालन हाच उपजीविकेचा प्रमुख आधार राहिला आहे. देशाची लोकसंख्या सु. ३५ लक्ष असून २०२२ च्या अखेरीस पशुधनाची संख्या ७ कोटींहून अधिक होती.

स्वरूप व प्रकार : झुदची सुरुवात पुष्कळदा आदल्या उन्हाळ्यातच होते. उन्हाळ्यात अवर्षण पडले म्हणजे गवत खुरटते, जनावरांच्या अंगी पुरेशी चरबी धरत नाही व हिवाळ्यासाठी कापून ठेवावयाचे गवतही मिळत नाही. अशी रोडावलेली जनावरे हिवाळ्यात शिरली, की त्यांच्या शरीरातील साठा लवकर संपतो. सर्वाधिक मृत्यू भर हिवाळ्यात होतातच असे नाही. मार्च ते मे या काळात, नवे गवत उगवण्यापूर्वी, अशक्त झालेली जनावरे वादळात किंवा अचानक पडलेल्या बर्फात दगावतात. हाच विण्याचा काळ असल्यामुळे गाभण माद्या व नवजात कोकरे-करडे यांची हानी विशेष होते.

पशुपालक झुदचे अनेक प्रकार मानतात. ‘त्सागान’ म्हणजे पांढऱ्या झुदमध्ये बर्फाचा थर इतका जाड असतो, की जनावरांना तो उकरून गवतापर्यंत पोहोचता येत नाही. ‘खार’ म्हणजे काळ्या झुदमध्ये याच्या उलट स्थिती असते : बर्फच पडत नाही. हिवाळ्यात बर्फ खाऊनच तहान भागविणाऱ्या कळपांना अशा वेळी पाणी मिळेनासे होते, कारण नद्या व विहिरी गोठलेल्या असतात. ‘तोमोर’ म्हणजे लोखंडी झुदमध्ये मध्येच ऊब येऊन बर्फ वितळते व पुन्हा गोठून कुरणावर कठीण कवच तयार होते. गवत खाली दिसत असते. पण खूर मारूनही ते फुटत नाही व पाय मात्र सोलवटून निघतात. यांखेरीज अनेक दिवस चालणाऱ्या अतिशीत लाटेमुळे होणारा झुद, दोन किंवा अधिक प्रकार एकत्र येऊन होणारा संमिश्र झुद आणि एकाच कुरणावर असंख्य कळप लोटल्यामुळे गवत तुडवले जाऊन होणारा ‘खुरांचा’ झुद, असेही प्रकार मानले जातात. शेवटचा प्रकार विशेष लक्षणीय आहे. कारण त्यात निसर्गापेक्षा कुरणाच्या वापरातील अव्यवस्थेचा भाग मोठा असतो. अवर्षण, दुष्काळ वा रोग यांप्रमाणे झुद कित्येक वर्षे सलगही येऊ शकतो.

पारंपरिक उपाय : मंगोल पशुपालनाची बहुतेक वैशिष्ट्ये या धोक्याशी निगडित आहेत. घोडा, उंट, गाय व याक, मेंढी आणि शेळी या पाच प्रकारच्या जनावरांना मंगोल लोक ‘पाच मुखांचे पशुधन’ म्हणतात. त्यांपैकी घोडा व मेंढी ही ‘उष्ण मुखाची’, तर इतर तीन ‘शीत मुखाची’ समजली जातात. एकाच कुटुंबाने शक्यतो अनेक प्रकारची जनावरे पाळावयाची असा प्रघात होता. त्यामुळे दूध, मांस, लोकर, ओझे वाहणे अशा सर्व गरजा भागत आणि एकाच आपत्तीत सर्व कळप नष्ट होण्याचा संभव कमी होई. घोडे खुरांनी बर्फ उकरून चरतात. त्यांनी मोकळ्या केलेल्या जागी मागाहून मेंढ्या सोडता येतात. गाईगुरांना मात्र बर्फ उकरणे फारसे साधत नाही.

वर्षातून चार ऋतूंचे चार तळ बदलण्याची पद्धत सर्वत्र आढळते. हिवाळी तळ डोंगराच्या दक्षिण उतारावर, वाऱ्यापासून आडोसा असलेल्या ठिकाणी असतो. तेथील कुरण उन्हाळ्यात राखून ठेवतात. वाड्यात वाळलेल्या लेंड्यांचा जाड थर पसरून जनावरांना खालून ऊब मिळेल अशी व्यवस्था करतात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, जनावरे पुष्ट असतानाच, हिवाळ्याच्या बेगमीसाठी काहींची कत्तल करून मांस गोठवून ठेवतात. त्यामुळे अन्नाची सोय होते व हिवाळ्यात पोसावयाची तोंडेही कमी होतात.

नेहमीच्या तळांखेरीज कळपाचा काही भाग घेऊन दूरच्या कुरणांवर जाण्याच्या प्रथेस ‘ओतोर’ म्हणतात. शरद ऋतूत चरबी धरण्यासाठी आणि हिवाळ्यात संकटातून निसटण्यासाठी असे दोन्ही प्रकारचे ओतोर असतात. गोबी वाळवंटाच्या कडेला पाऊस व बर्फ यांचे प्रमाण गावागणिक वेगळे असते. एका खोऱ्यात गुडघाभर बर्फ असताना शे-दीडशे किमी. वरील दुसऱ्या खोऱ्यात कुरण उघडे असू शकते. म्हणून प्रसंगी दुसऱ्याच्या मुलखात शिरता येणे हाच झुदवरील सर्वांत परिणामकारक उपाय ठरत आला आहे. त्यासाठी आज आश्रय देणाऱ्यास उद्या आश्रय मिळेल, अशी परस्परांची अलिखित हमी असावी लागते. काही कुटुंबे एकत्र तळ देऊन राखणी, लोकर काढणे, विण्याच्या वेळची देखभाल ही कामे मिळून करतात. अशा गटास ‘खोत आइल’ म्हणतात. जनावरे गमावलेल्या आप्ताला दुभती जनावरे वापरण्यास देण्याचीही चाल होती.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : स्टेप प्रदेशातील राज्यांच्या उदयास्तांत हिवाळ्यांचा वाटा असल्याचे उल्लेख चिनी इतिहासग्रंथांत आढळतात. इ. स. पू. ७२–७१ च्या हिवाळ्यात शिओंग्नू (हूण) लोकांचा अधिपती वूसुन टोळ्यांवरील स्वारीहून परतत असता प्रचंड हिमवृष्टी झाली. तीत माणसे व जनावरे गोठून मेली व दहांत एकही परतला नाही, असे हान राजवंशाच्या इतिहासात नमूद आहे. त्यानंतर शेजारच्या टोळ्यांनी शिओंग्नूंवर चहूबाजूंनी हल्ले केले. इ. स. ६२७ च्या सुमारास पूर्व तुर्कांच्या मुलखात खोल बर्फ पडून घोडे व मेंढ्या मोठ्या प्रमाणावर मेल्या. ६३० मध्ये थांग सैन्याने त्यांचा पाडाव केला. इ. स. ८३९ मध्ये उईगुर राज्यात दुष्काळ, रोगराई व मोठी हिमवृष्टी ही संकटे एकदम आली आणि ८४० मध्ये किरगीझांनी त्यांची राजधानी घेतली. या राज्यांच्या ऱ्हासाला अंतर्गत कलह हेही तितकेच कारणीभूत होते; तथापि ज्या राज्याची संपत्ती, सैन्य व अन्न ही तिन्ही जनावरांच्या पाठीवर उभी होती, त्यास एखाद्या हिवाळ्याचा आघात किती जीवघेणा ठरे, हे यावरून दिसते.

मंगोल साम्राज्याच्या काळात पशुपालकांच्या साहाय्याची काही नियमबद्ध व्यवस्था झाल्याचे आढळते. चंगीझखानाचा उत्तराधिकारी ओगोदाई (कार. १२२९–४१) याने शंभर मेंढ्यांमागे एक मेंढी त्याच गटातील गरजूंना द्यावी, असा दंडक घातला. तसेच निर्जल प्रदेशात विहिरी खणविल्या. मंगोलांच्या गुप्त इतिहास या तेराव्या शतकातील ग्रंथात हे नमूद आहे. विहिरींमुळे पूर्वी ओसाड राहिलेली कुरणे उपयोगात आली व पशुपालकांना पसरण्यास जागा मिळाली.

मांचू अंमल : १६९१ मध्ये खाल्खा मंगोलांनी मांचू (छिंग) सम्राटाचे स्वामित्व मान्य केले. मांचू राजवटीने मंगोल मुलूख ‘खोशू’ नामक प्रशासकीय विभागांत वाटून दिला. प्रत्येक खोशूवर एका सरदाराची सत्ता असे व त्याच्या परवानगीवाचून सीमेबाहेर जाण्यास पशुपालकास मनाई होती. टोळ्या एकत्र येऊन बंड करू नयेत, हा यामागील राजकीय हेतू. परिणामी संचाराचे क्षेत्र आक्रसले. तरी खोशूंचा विस्तार मोठा असून त्यांत बहुधा डोंगराळ व सपाट अशी दोन्ही प्रकारची कुरणे येतील, अशी सोय पाहिली जाई. झुदच्या प्रसंगी शेजारच्या खोशूत आश्रय देण्याविषयी सरदारांमध्ये वाटाघाटी होत.

या काळात सरदार व बौद्ध मठ यांच्याकडे फार मोठे कळप एकवटले. ते गरीब कुटुंबांच्या हवाली केले जात. राखणीच्या मोबदल्यात त्या कुटुंबांना दूध व काही लोकर मिळे आणि लोणी, लोकर व पिल्ले यांचा ठरलेला हिस्सा मालकाला द्यावा लागे. या पद्धतीमुळे मालकाचे पशुधन निरनिराळ्या ठिकाणी विखुरले जाऊन एकदम नष्ट होण्याचा धोका कमी होई व गरिबालाही जगण्याचे साधन मिळे. परंतु हानीचा भार बहुशः राखणदारावर पडे. चिनी सावकारांचे कर्ज, सरदाराचे कर व हिवाळ्यातील हानी या तिहेरी ओझ्याखाली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक पशुपालक निष्कांचन झाले.

सामुदायिकीकरण : मांचू सत्ता १९११ मध्ये झुगारून देण्यात आली. १९२१ च्या क्रांतीनंतर १९२४ मध्ये मंगोलियन लोक प्रजासत्ताकाची स्थापना झाली. सरदार व मठ यांचे कळप हिरावून घेऊन पशुपालकांना सक्तीने सामुदायिक संस्थांत आणण्याचा पहिला प्रयत्न १९३०–३२ मध्ये झाला. पशुपालकांनी त्याविरुद्ध उठाव केले व आपली जनावरे कापून टाकली. पशुधनाची संख्या सु. एकतृतीयांशाने घटली. १९३२ मध्ये शासनाला हे धोरण मागे घ्यावे लागले. झुद नसतानाही केवळ धोरणाच्या चुकीमुळे झुदइतकीच हानी होऊ शकते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

१९४४–४५ चा झुद हा विसाव्या शतकातील सर्वांत भीषण झुदांपैकी एक होय. त्यात देशातील सु. एकतृतीयांश पशुधन नष्ट झाले. पंचांगानुसार ते वानरवर्ष असल्यामुळे तो ‘वानरवर्षाचा झुद’ म्हणून लोकांच्या स्मरणात राहिला. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएट संघाला घोडे, मांस व लोकर यांचा मोठा पुरवठा मंगोलियातून होत असतानाच ही आपत्ती आली.

१९५० नंतरच्या दशकात सामुदायिकीकरणाचा दुसरा प्रयत्न अधिक सावधपणे करण्यात आला व १९५९ च्या अखेरीस जवळजवळ सर्व पशुपालक कुटुंबे ‘नेगदेल’ नामक सहकारी संस्थांची सभासद झाली. कळप संस्थेच्या मालकीचे झाले. कुटुंबास ठराविक मर्यादेपर्यंत खाजगी जनावरे ठेवता येत. पशुपालकास वेतन व वृद्धापकाळी निवृत्तिवेतन मिळू लागले. नेगदेलने तळ हलविण्यासाठी मालमोटारी, गवतकापणीची पथके, यांत्रिक विहिरी, हिवाळी गोठे व पशुवैद्यकीय सेवा पुरविल्या. आपत्काळासाठी शासनाने वैरणीचा राष्ट्रीय साठा उभारून त्याची केंद्रे देशभर पसरविली. तेथून अल्प दराने चारा मिळे. इतर जिल्ह्यांत ओतोर नेण्याची व्यवस्थाही प्रशासनामार्फत होई.

या व्यवस्थेत हिवाळ्याचा धोका प्रथमच मुख्यत्वे शासनाने पत्करला. १९६७–६८ व १९७६–७७ यांसारखे झुद आले. परंतु कळप दगावला तरी कुटुंब उपाशी पडत नसे. मात्र या व्यवस्थेचे दोषही स्पष्ट होते. एका कुटुंबाकडे बहुधा एकाच प्रकारची जनावरे सोपविली जात असल्यामुळे पाच मुखांच्या पशुधनाचे कौशल्य मागे पडले. निर्णय वरून येत. वाहतूक, इंधन व वैरण यांवरील खर्च सोव्हिएट साहाय्यावर अवलंबून होता. पशुधनाची एकूण संख्या या सर्व काळात सु. दोन ते अडीच कोटींच्या आसपास राहिली.

खाजगीकरण व त्याचे परिणाम : १९९० मध्ये लोकशाही परिवर्तन झाले. सोव्हिएट साहाय्य थांबले आणि १९९१ ते १९९३ या अल्पावधीत नेगदेल मोडीत निघून कळप कुटुंबांच्या मालकीचे झाले. जनावरे खाजगी झाली. कुरणे मात्र सार्वजनिक राहिली. १९९२ च्या संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने कुरणांवर खाजगी मालकी नाकारली आहे. कारखाने व सरकारी कचेऱ्या बंद पडल्यामुळे बेकार झालेली हजारो कुटुंबे पशुपालनाकडे वळली. दहा वर्षांत पशुपालक कुटुंबांची संख्या दुपटीहून अधिक झाली. त्यांतील अनेकांना हिवाळ्यातील पशुपालनाचा अनुभव नव्हता. नेगदेलच्या मालमोटारी विकल्या गेल्या, अनेक यांत्रिक विहिरी बंद पडल्या व वैरणीचे साठे आटले. लोक बाजारपेठ, शाळा व रस्ता यांच्या जवळ राहू लागल्यामुळे दूरची कुरणे ओस, तर जवळची अतिचराईने उजाड झाली.

याच सुमारास शेळीच्या मऊ आंतरलोकरीला (कॅश्मीअर) परदेशांत मोठी मागणी येऊन रोख उत्पन्नाचे ते प्रमुख साधन बनले. १९९० मध्ये पशुधनात शेळ्यांचे प्रमाण सु. २० टक्के होते, ते २००९ मध्ये सु. ४५ टक्क्यांवर गेले. लहान चणीची शेळी थंडी व खोल बर्फ यांत लवकर दगावते. जनावरांच्या विविधतेतून मिळणारे संरक्षण अशा रीतीने आणखी घटले.

या बदलांची किंमत लवकरच मोजावी लागली. १९९९ मध्ये पशुधन सु. ३·३६ कोटी होते. १९९९ ते २००२ या सलग तीन हिवाळ्यांत उन्हाळी अवर्षण व झुद यांमुळे सु. १·१ कोटी जनावरे मेली. पुढील काही वर्षे अनुकूल गेल्यामुळे कळप झपाट्याने वाढून २००९ च्या अखेरीस ४·४ कोटींवर पोहोचले. २००९–१० च्या झुदने त्यांतील सु. १ कोटी, म्हणजे पाचांतील एकाहून अधिक जनावरे नेली. सु. ८,७०० कुटुंबांची सर्वच्या सर्व जनावरे दगावली. वसंतात खोऱ्याखोऱ्यांतून पडलेले मृत पशू पुरण्याच्या कामावर पशुपालकांना मजुरी देण्याची योजना संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत राबवावी लागली. त्यामुळे रोगराई टळली व हाती थोडा पैसा आला. पशुधन गमावलेली अनेक कुटुंबे उलानबातरकडे गेली. राजधानीभोवतीच्या ‘गेर’ म्हणजे नमद्याच्या तंबूंच्या वसाहती वाढण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. देशाची जवळजवळ निम्मी लोकसंख्या आता या एकाच शहरात एकवटली आहे.

निर्देशांकाधारित पशुधन विमा : प्रत्येक मृत जनावराची पाहणी करून भरपाई देणारा नेहमीचा विमा मंगोलियात व्यवहार्य नव्हता. कळप विरळ वस्तीत पसरलेले असल्यामुळे तपासणीचा खर्च विम्याच्या हप्त्याहून अधिक होई. शिवाय भरपाई निश्चित असल्यास मालक जनावरांची काळजी घेईनासा होण्याचा संभव असे. यावर तोडगा म्हणून जागतिक बँकेच्या साहाय्याने २००६ पासून बायानखोंगोर, खेंती व उव्स या तीन प्रांतांत (आयमाग) एक नवी योजना प्रयोगादाखल सुरू झाली. २०१२ पर्यंत ती सर्व २१ प्रांतांत पोहोचली.

या योजनेत भरपाई व्यक्तीच्या हानीवर नव्हे, तर तिच्या तालुक्यातील (सुम) त्या जातीच्या जनावरांच्या एकूण मृत्युप्रमाणावर ठरते. मंगोलियात दर डिसेंबरला पशुगणना करण्याची जुनी परंपरा असून तिला वर्षाच्या मध्यावरील गणनेची जोड देऊन हे प्रमाण काढतात. धोक्याची विभागणी तीन स्तरांत केली आहे : किरकोळ हानी पशुपालकाने सोसावयाची, मृत्युप्रमाण सु. ६ टक्क्यांवर गेल्यास त्यापुढील मध्यम हानी विमा कंपन्यांनी भरून द्यावयाची. आणि ते सु. ३० टक्क्यांपलीकडे गेल्यास महाआपत्तीचा भार शासनाने उचलावयाचा. शेजाऱ्यांचे कळप दगावले व आपण कष्ट करून आपला वाचविला, तरी भरपाई मिळतेच. त्यामुळे जनावरे जगविण्याची प्रेरणा कायम राहते. २०१४ मध्ये या विम्यासंबंधी स्वतंत्र कायदा झाला.

२००९–१० च्या झुदमध्ये योजनेची पहिली मोठी कसोटी लागली. पश्चिम मंगोलियात नंतर केलेल्या पाहणीत, विमाधारक कुटुंबांनी पुढील दोन वर्षांत आपले कळप इतरांपेक्षा लवकर सावरल्याचे आढळले. भरपाईमुळे त्यांना उरलेली जनावरे विकावी वा कापावी लागली नाहीत, हे त्याचे एक कारण होय. मात्र तालुक्याचे सरासरी मृत्युप्रमाण कमी असता एखाद्याच खोऱ्यातील कळप नष्ट झाले, तर तेथील विमेदाराच्या हाती काहीच पडत नाही, ही या पद्धतीची अंगभूत उणीव आहे. विमा घेणाऱ्यांचे प्रमाणही मर्यादित राहिले. शिवाय विम्याची रक्कम मिळते ती हानीनंतर. बर्फात अडकलेल्या मेंढीला तिचा उपयोग नसतो.

पूर्वसूचना व आगाऊ मदत : झुदची चाहूल काही आठवडे किंवा महिने आधी लागू शकते. उन्हाळ्यातील पर्जन्य, गवताची वाढ, कळपांची घनता, बर्फाची जाडी व तपमानाचा अंदाज यांवरून धोक्याचे नकाशे मंगोलियाची हवामानसंस्था प्रसिद्ध करते. त्यांच्या आधारे, आपत्ती शिगेला पोहोचण्यापूर्वीच मदत देण्याची पद्धत २०१७–१८ च्या हिवाळ्यापासून रेड क्रॉस तसेच संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांनी अवलंबिली. धोक्यातील कुटुंबांना रोख रक्कम, पौष्टिक खाद्य व औषधे हिवाळ्याच्या मध्यावरच देण्यात येतात. गवत वजनाच्या मानाने फार जागा व्यापते आणि बर्फाने रस्ते बंद झाल्यावर ते पोहोचविणे दुष्कर होते. म्हणून मदतीच्या आकारमानाइतकेच तिच्या वेळेला महत्त्व आहे. शरद ऋतूतच काही जनावरे विकून कळप आटोक्यात आणणे हाही एक उपाय आहे. परंतु जनावर हीच पशुपालकाची पुंजी व कर्जाचे तारण असल्यामुळे, आणि सर्वांनी एकदम विक्रीस काढल्यास भाव कोसळत असल्यामुळे, तो सहजी अंगीकारला जात नाही.

एवढी तयारी असूनही २०२३–२४ च्या हिवाळ्यात ७० लाखांहून अधिक जनावरे मेली. त्या वर्षी १९७५ नंतरची सर्वाधिक हिमवृष्टी झाली आणि आधीचा हिवाळाही कडक गेला होता. २०२२ च्या अखेरीस ७·१ कोटी असलेले पशुधन २०२४ च्या अखेरीस सु. ५·७६ कोटींवर आले.

कुरणांचा प्रश्न : १९४० नंतर मंगोलियाचे सरासरी तपमान २° से. हून अधिक वाढले आहे. ही वाढ जागतिक सरासरीच्या सु. दुप्पट आहे. तीमुळे उन्हाळे अधिक कोरडे झाले. कडक हिवाळे मात्र थांबलेले नाहीत, आणि अवर्षणामागून झुद येण्याचा धोका वाढला आहे. दुसरीकडे, कुरणांच्या सुस्थितीस झेपेल त्याहून कितीतरी अधिक जनावरे आज चरत आहेत. एका खोऱ्यातील कुटुंबांचे गट करून त्यांच्यात कुरणवापराचे करार घडवून आणण्याचे काम एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून स्वित्झर्लंडच्या साहाय्याने चालू झाले. त्यात हिवाळी कुरण उन्हाळ्यात राखणे, आळीपाळीने चराई करणे यांसारखे जुनेच नियम नव्याने लिहून काढण्यात आले. पशुधनावर कर बसविण्याचा कायदा २०२० मध्ये झाला. त्याचे उत्पन्न कुरणांच्या सुधारणेस लावावे, असा त्याचा हेतू आहे.

कुरणाचे हक्क काटेकोरपणे ठरवून दिल्यास त्याची निगा राखली जाते; परंतु झुदच्या वर्षी तेच हक्क इतरांना दार बंद करतात. उलट कुरण सर्वांना सदैव मोकळे ठेवल्यास ते कोणीच राखत नाही व त्यातून ‘खुरांचा’ झुद ओढवतो. नेहमीच्या वर्षी बंधने पाळावयाची व आपत्तीच्या वर्षी ती परस्परसंमतीने शिथिल करावयाची, असा दुहेरी व्यवहार पूर्वी रूढीने, पुढे खोशूंच्या सरदारांनी व नंतर नेगदेलने आपापल्या परीने सांभाळला होता. १९९० नंतर त्याची जबाबदारी निश्चितपणे कोणाकडेच राहिली नाही. विमा हानीची झळ कमी करतो, पूर्वसूचना वेळ मिळवून देते, वैरणीचा साठा काही आठवडे तग धरू देतो. परंतु यांपैकी कोणताही उपाय कळप दूर नेण्याच्या मुभेची जागा घेऊ शकत नाही. शेजारच्या तालुक्यांत ओतोरसाठी राखीव कुरणे ठेवणे, तेथील विहिरी चालू ठेवणे आणि आश्रय देणाऱ्या समाजाला त्याचा मोबदला मिळवून देणे, यांवरच पशुपालकांच्या संरक्षणाच्या इतर सर्व उपायांचे यश मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.